तांड्यात अडलेली गाडी

घाटंजीच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू होऊन सत्यभामाला दीड वर्ष झालं होतं. या दीड वर्षात "लाजू नका, बोला" हे वाक्य तिने इतक्या बायकांना ऐकवलं होतं की तिची स्वतःची लाज कधी संपली ते तिलाही कळलं नाही. लाज शिल्लक होती ती पंजाबरावांकडे. पंजाबराव म्हणजे कुटुंब नियोजनाचे प्रचार अधिकारी. गावोगाव गाडी न्यायची, टपावरच्या भोंग्यातून भाषण करायचं आणि मुलं कमी होऊ द्या म्हणून सांगायचं, हे त्यांचं काम. पण मुलं होतात कशी या मुद्द्याजवळ भाषण आलं की त्यांना खोकला यायचा. खोकल्याच्या पुढचं सत्यभामाने सांगायचं, अशी वाटणी आपोआप पडली होती.

१९६८ सालचा फाल्गुन होता. पंजाबरावांनी गाडी नव्याने रंगवून घेतली होती. पिवळ्या रंगावर लाल त्रिकोण. वरून आलेल्या कागदात दोन्ही बाजूंना एकेक त्रिकोण काढावा असं लिहिलं होतं. पंजाबरावांनी सात काढून घेतले. दोन पुरेत हे त्यांनी रंगाच्या बाबतीत काही मानलं नाही. आदल्या संध्याकाळी ड्रायव्हर रामराव टाकी गळ्यापर्यंत भरून घेऊन आला, तेव्हाही पेंटर ब्रश घेऊन उभाच होता. त्याने राहिलेल्या जागी दाट हात मारला आणि सकाळी गाडी नव्या नवरीसारखी चमकत दवाखान्यासमोर उभी राहिली.

जायचं होतं धावजी नाईकाच्या तांड्यावर, घाटंजीहून सात-आठ मैल. बंजाऱ्यांचा तांडा. कापूस वेचून झाला होता, होळी आठ दिवसांवर आली होती, त्यामुळे माणसं घरीच सापडणार असा पंजाबरावांचा हिशेब होता. पुढे रामराव आणि पंजाबराव, मागे भित्तिपत्रकांच्या गठ्ठ्यावर सत्यभामा.

पाचव्या मैलाला गाडीने पहिला आचका दिला. सत्यभामाने मान वर केली. तिचा बाप धर्मपाल वणीकडे कोळशाच्या ट्रकांवर मिस्त्री होता. धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षापासून त्याने दोन गोष्टी सोडल्या नव्हत्या, पोरीची शाळा आणि पोरीला गाडीचा आवाज ऐकवणं. मडगार्डवर बसून ती पाढे पाठ करायची आणि तो इंजिनातून डोकं न काढता विचारायचा, "सांग, हे खोकून राह्यली का शिंकून राह्यली?" खोकणारी गाडी पेट्रोलला तरसलेली असते आणि शिंकणारीच्या ठिणगीत गडबड असते, असं त्याचं शास्त्र होतं.

ही गाडी खोकत होती.

"पेट्रोल भेसळीचं दिसते," रामराव म्हणाला. त्याच्या मते गाडीत जे काही चुकतं ते नेहमी गाडीबाहेरचं असतं.

खोकत खोकत गाडी तांड्यात शिरली, नाईकाच्या घरासमोरच्या लिंबाखाली पोचली आणि एक लांब उसासा टाकून बंद पडली. पंजाबरावांना वाटलं, रामरावाने ती थांबवली. ते ऐटीत उतरले. कडू लिंबाखाली माणसं जमलीच होती. साठीचा, पांढऱ्या मिशांचा धावजी नाईक बाजेवरून उठला आणि राम राम करून त्याने साहेबांना बाज दिली. पंजाबरावांनी भोंगा सुरू केला.

भाषण चांगलं झालं. पंजाबराव कामावर असले की पुस्तकातली मराठी बोलत. "लहान कुटुंब हे सुखी कुटुंब होय," असं त्यांनी तीन वेळा सांगितलं आणि शेवटी विचारलं, "कुणाला काही शंका?"

"एक इचारू का साहेब?" धावजी म्हणाला. "तुमी किती भाऊ?"

पंजाबरावांनी शर्टाची कॉलर सारखी केली. "तो प्रश्न इथे गैरलागू आहे."

"नाही, असंच इचारलं."

"सहा."

"अन् तुमी कितवे?"

"पाचवा."

"मंग तुमच्या बापाने दोनावर थांबवलं असतं तं आज आमाले सांगाले कोन आलं असतं?"

लिंबाखाली हसण्याची अशी लाट उठली की भोंग्यातूनही ती ऐकू गेली, कारण पंजाबराव बटण बंद करायला विसरले होते. त्यांना खोकला आला. सत्यभामाने ओठ आत दाबले. धावजीच्या चेहऱ्यावर मात्र टवाळी नव्हती. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

"रामराव, गाडी काढा," पंजाबराव म्हणाले. "पुढच्या गावाला उशीर होतो आहे."

रामरावाने सेल्फ मारला. घर्र घर्र घर्र. इंजिन फिरलं, पण पेटलं नाही. पुन्हा मारला. पुन्हा घर्र. तो मारतच राहिला. रागावलेला माणूस बायकोशी बोलतो तसा, तेच तेच आणि दर वेळी थोडं जोरात. आधीच तासभर भोंग्याने बॅटरी प्यालेली. आवाज हळूहळू जाड होत गेला आणि शेवटी नुसतं टक् असं वाजून सेल्फही गप्प झाला.

रामरावाने बॉनेट उघडलं. पंजाबरावही जाऊन उभे राहिले आणि विहिरीत पडलेली बादली शोधावी तसे आत वाकून पाहू लागले.

"काय झालं असावं?"

"प्लग," रामराव म्हणाला.

त्याने चारही प्लग काढले, फुंकले, धोतराला पुसले आणि परत बसवले. मग हँडल घातलं. हँडलने एकदा उलटा झटका दिला आणि रामराव मनगट धरून खाली बसला. तोवर सत्यभामा पलीकडून आली होती. इंजिनाच्या कडेला पेट्रोलचा पंप होता, त्याच्या खाली काचेची वाटी. टाकीतलं पेट्रोल त्या वाटीत येतं आणि मग पुढे जातं. वाटी कोरडी ठणठणीत होती.

"रामरावभाऊ," ती म्हणाली, "वाटीत पेट्रोलच नाही येऊन राह्यलं. टाकीकडून काहीतरी अडलं हाय."

रामरावाने तिच्याकडे न पाहता मनगट चोळलं. "बाई, टाकी काल भरली. गळ्यालोक."

"भरली हे खरं. पन इथं पोचत नाही ना."

"सिस्टर," पंजाबराव मध्येच म्हणाले, "हे आम्ही बघतो. आपण महिलांकडे बघा."

सत्यभामाने एकदा वाटीकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे पाहिलं. बाप म्हणायचा, ज्याला ऐकायचं नाही त्याला दोनदा सांगू नये, एकदा सांगावं आणि सावलीत बसावं. ती गाडीच्या मागे सावलीत जाऊन बसली.

इकडे धावजीने हात तोंडाशी नेऊन हाक मारली आणि एकेक करत त्याची पोरं जमू लागली. थोरला चाळिशीला टेकलेला, धाकटा मिसरूड फुटलेला, आणि मधले सगळे खांद्याने एकमेकांसारखे. पंजाबराव मोजत होते. सातापर्यंत त्यांनी बोटं वापरली, मग सोडून दिलं.

"नऊ," धावजी म्हणाला. "सगळे माहेच. तुमी म्हनता तसे दोनच असते तं साहेब, आज तुमाले घाटंजीलोक पायी जा लागलं असतं."

नऊ जणांनी गाडीला खांदे लावले. लाल त्रिकोणांवर नवा रंग अजून थोडा ओला होता. तो त्यांच्या दंडांना आणि सदऱ्यांना लागला. गाडी हलली. तांड्याच्या मधल्या रस्त्याने ती होळीच्या मैदानापर्यंत गेली, वळली आणि नाईकाच्या घराकडे परत आली. रामराव क्लच सोडी, गाडी गचका खाई, इंजिन काहीच म्हणत नसे. दुसऱ्या फेरीला पोरांनी लेंगी, म्हणजे बंजाऱ्यांचं होळीतलं गाणं, धरली. लेंगीत शब्द जागच्या जागी जोडतात. थोरल्याने जोडलं की साहेब आला गाडी घेऊन, गाडी आली साहेब घेऊन, आणि दोघांनाही पुढचं काही सुचेना. पुढची ओळ बंजाऱ्यांच्या बोलीत होती. पंजाबरावांना ती कळली नाही, आणि धावजीला अर्थ विचारल्यावर तोच खोकला.

गाडी फिरायला गेल्यामुळे सत्यभामाची सावली गेली होती. ती लिंबाच्या मागच्या बाजूला सरकली. तिथे धावजीची बायको नंदाबाई बसली होती. हातात कापड, कापडात आरसे, सुई सारखी आतबाहेर. तिच्याभोवती सात-आठ बायका. भाषणाच्या वेळी यातली एकही जवळ आली नव्हती.

नंदाबाईने सुई न थांबवता विचारलं, "तुले मालूम हाय ना गाडीले काय झालं ते?"

"अंदाज हाय."

"मंग सांगत काहून नाईस?"

"सांगतलं. आयकलं नाही."

नंदाबाईने गाडीमागे धावणाऱ्या आपल्या नऊ लेकांकडे पाहिलं. "मंग राहू दे. ढकलू दे त्याईले. सकाळपासून नुसते बसून होते."

बायका हसल्या. मग हसणं ओसरलं आणि एकजण पुढे सरकली. पंचविशीची, मांडीवर चार महिन्यांचं मूल. ती गंगी, नंदाबाईची चौथी सून. पूनमसिंगची बायको.

"ते कडं म्हनते ना, प्लास्टिकचं," ती हळू म्हणाली, "ते बसवलं का मंग वर चढते अन् काळजात जाऊन अडकते म्हनते. खरं का?"

"कोन म्हनलं?"

"बजारात म्हनत होते."

सत्यभामाने पिशवीतून ते लूपचं कडं काढून तिच्या हातावर ठेवलं. मग काडी घेऊन तिने जमिनीवरच्या धुळीत बाईच्या पोटाचं चित्र काढलं. मूल राहतं ती पिशवी कुठे, तिचं तोंड कुठे, काळीज कुठे आणि मधे किती वाट. चित्र मोठं झालं. बायका भोवती वाकून पाहू लागल्या. एकीने विचारलं, एवढीशी पिशवी आणि त्यात एवढं मोठं पोट्टं मावतं कसं. दुसरीने नवऱ्याला यातलं काय कळतं ते विचारलं. सत्यभामाने जे सांगितलं त्यावर बायका इतक्या हसल्या की होळीच्या मैदानावरून पंजाबरावांनी मान उंचावून पाहिलं, आणि बायका कशाभोवती वाकल्या आहेत ते ओळखून चटकन दुसरीकडे वळवली.

"त्रास व्हते का?" गंगीने विचारलं.

"एखादीले व्हते. कंबर दुखते, अंगावरून जास्त जाते. झाला तं यायचं, काढून टाकता येते. तुले पाह्यजे तेव्हा मूलही व्हते पुन्हा. पन मी म्हनते म्हनून नोको बसवू. तुले पाह्यजे असन तंच."

गंगीने कडं तळहातावर फिरवून पाहिलं. मांडीवरचं मूल दूध पिता पिता झोपलं होतं. पाच वर्षांत चौथं, असं शेजारची म्हणाली.

नंदाबाईची सुई थांबली.

"मले बारा झाले," ती म्हणाली. "नऊ जगले. लोक म्हनते, नंदीचं पोट सोन्याचं हाय. बाराव्या वक्ती मी मरूनच गेलती. तीन दिवस. सुईन म्हनली, आता लाकडं पाहा. अन् बाराही वक्ती मले कोनी इचारलं नाही, नंदी, तुले पाह्यजे का नाही." तिने दोरा दाताने तोडला. "मी हिले इचारून राह्यली. गंगे, तुले पाह्यजे का?"

गंगीने खाली पाहिलं आणि मान हलवली. नको अशी. मग दोन वर्षं तरी नको असं तोंडाने म्हणाली.

"मंग आज जाय," नंदाबाई म्हणाली. "उद्या म्हनशीन तं पूनमसिंग इचारन कायले, अन् परवा बाप इचारन कायले. आज गाडी हाय."

"गाडी बंद हाय ना याडी," गंगी सासूला म्हणाली. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई.

नंदाबाईने सत्यभामाकडे पाहिलं. बाकीच्या बायकांनीही पाहिलं. सत्यभामा उठली आणि पदर खोचला.

पाचव्या फेरीनंतर गाडी पुन्हा लिंबाखाली आली होती. नऊही जण जमिनीवर पसरले होते, अंगावर लाल पट्टे. रामराव स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. पंजाबरावांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि त्यांची भाषा पुस्तकातून घरी परतली होती.

"हे गाडी हाय का बैल मेलेला?" ते रामरावाला म्हणत होते. "मले आता पायी जा लागते का?"

सत्यभामा त्यांच्या पुढून टाकीकडे गेली. टाकीचं तोंड गाडीच्या बाजूला होतं आणि ते नेमकं एका त्रिकोणाच्या मधोमध आलं होतं. पेंटरने झाकण, झाकणाची कड, सगळं एकजीव करून टाकलं होतं. तिने दोन्ही हातांनी झाकण फिरवून पाहिलं. हललं नाही.

"विळा द्या कोनी," ती म्हणाली.

विळा आला. तिने टोकाने कडेचा रंग गोल खरवडला. "सिस्टर, रंग," असं पंजाबराव म्हणाले, पण तेवढंच. मग तिने थोरल्याला बोलावलं. त्याने झाकणाला पंजा घातला आणि पिळलं.

सुस्स.

एवढा मोठा श्वास गाडीने आत घेतला की जवळ उभा असलेला पूनमसिंग मागे सरकला.

"झाकनाले बारीक भोक असते," सत्यभामा म्हणाली. ती कुणा एकाला सांगत नव्हती, पण रामराव ऐकू येईल इतका जवळ आला होता. "पेट्रोल बाहेर जाते तितकी हवा त्यातून आत येते. भोक बुजलं का हवा येत नाही, अन् टाकी पेट्रोल सोडत नाही. मडक्याचं तोंड गच्च बांधलं अन् बुडाच्या भोकातून पानी काढाले गेलं तं येते का? तसंच." तिने झाकण उलटं करून सगळ्यांना दाखवलं. भोकाच्या जागी लाल थेंब घट्ट होऊन बसला होता.

रामरावाने झाकण हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि बराच वेळ पाहिलं. मग त्याने पंजाबरावांकडे पाहिलं. सात त्रिकोण कुणाचे, हे तो तोंडाने बोलला नाही.

नंदाबाईने आपली सुई पुढे केली. सत्यभामाने ती भोकात घालून फिरवली, रंगाची लाल गुठळी बाहेर आली. मग तिने पंपाची छोटी दांडी हाताने वरखाली हलवली. दहा-बारा वेळा. काचेच्या वाटीत पेट्रोल चढू लागलं.

"बॅटरी तुमी संपवली," ती रामरावाला म्हणाली. "ढकला तं लागनच."

नऊ जण पुन्हा उठले. या वेळी दहा पावलं गेले नसतील तोच इंजिन फडफडलं, काळा धूर ओकलं आणि धडधडत सुरू झालं. तांड्यातली कुत्री भुंकत मागे लागली.

"थांबवू नोका," सत्यभामा ओरडली. "बंद पडली तं पुन्हा ढकला लागन."

रामराव लिंबाभोवती गाडी हळूहळू गोल फिरवू लागला. पंजाबराव शेजारून धावत होते, एक हात दारावर. आणि घराकडून नंदाबाई येत होती. पुढे गंगी, कडेवर मूल, डोक्यावर ओढणी.

पूनमसिंग आडवा आला. त्याने बंजाऱ्यांच्या बोलीत बायकोला काहीतरी विचारलं. गंगीने उत्तर दिलं, दोन शब्दांत. तो बापाकडे वळला. धावजी मिशीवरून हात फिरवत उभा होता. पंजाबरावांच्या भाषणाला उत्तर द्यायला त्याला पळभरही लागलं नव्हतं, पण बायको समोर येऊन उभी राहिल्यावर त्याला शब्द सापडेनात.

"कुठं चालली?" त्याने शेवटी विचारलं.

"घाटंजीले," नंदाबाई म्हणाली. "सूनबाईले इच्छा हाय. मी सोबत हावो."

"मले इचारलं नाही."

"नाही," ती म्हणाली, आणि पुढे चालू लागली.

धावजीने तिच्या पाठीकडे पाहिलं. मग लेकाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला घेतलं. पूनमसिंगचा चेहरा उतरला होता. सत्यभामा त्याच्याजवळ गेली. "ते कधीही काढता येते," ती म्हणाली. "तिच्या अंगात रक्त नाही राह्यलं. नखं पाहा तिचे." पूनमसिंगने बायकोच्या नखांकडे पाहिलं. चार लेकरं झाली, पण असं त्याने कधी पाहिलं नसावं. तो हो म्हणाला नाही, पण मूल त्याने तिच्या कडेवरून घेतलं आणि चालत्या गाडीच्या मागच्या दारातून ती आत चढल्यावर परत तिच्या हातात दिलं.

नंदाबाई मागे चढली नाही. पुढचं दार उघडून ती रामरावाशेजारी बसली आणि तिने दार लावून घेतलं. पंजाबराव दोन पावलं धावले, थांबले आणि मागच्या दाराने भित्तिपत्रकांच्या गठ्ठ्यावर येऊन बसले. वाटेत मूल जागं झालं आणि त्याने त्यांची पेन्सिल ओढून तोंडात घातली. पंजाबरावांनी ती परत घेतली नाही.

गंगीला त्याच दिवशी कडं बसलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी तांड्यातून आणखी तीन बायका पायी दवाखान्यात आल्या. एकीची तब्येत बरी नव्हती म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला परत पाठवलं, दोघींचं काम झालं. वरच्या कचेरीला गेलेल्या अहवालात पंजाबरावांनी लिहिलं की ध्वनिक्षेपकावरील भाषणाचा तांड्यावर उत्तम प्रभाव पडला. सत्यभामाने तो वाचला आणि सही करायला सांगितली तिथे सही केली. पगाराच्या दिवशी कुणाशी भांडू नये, एवढं तिला कळत होतं.

रामरावाने त्या दिवसाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पण चैत्रात एका सकाळी ती औषधांची पेटी लावत असताना तो दारात येऊन उभा राहिला. भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत म्हणाला, "बाई, चौथ्या गिअरमधी जराक घर्र वाजून राह्यलं. रिकामे असान तं आयकून पाहा ना एकडाव."

"पेटी लावतो अन् येतो," सत्यभामा म्हणाली. "तवर हात लावू नोका."

त्याने हात लावला नाही. ती आली तेव्हा तो गाडीपासून चार हात दूर, दवाखान्यासमोरच्या लिंबाच्या ओट्यावर विडी न पेटवता बसून होता.